बोटीच्या पोटातलं तेल काढताना आधी कापूस, मग साबण

तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या घाटावर एका आप्पांनी मला बोटीचं पहिलं काम दिलं, तोवर मी फक्त विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचो. इंजिन तेच होतं, एका सिलिंडरचं लिस्टर टाइप, आपल्याकडे शेताशेतात असतं तसलं. विहिरीवर ते गळलं तर तेल मातीत मुरतं आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. बोटीत मुरायला जागाच नाही. फळ्या उचलल्या तर खाली वीतभर काळं पाणी आणि त्यावर तेलाचा थर, उन्हात चकाकणारा. आप्पा म्हणाले, "पावडर टाक भो, नि पंप चालू कर. नदी मोठी शे."

मी अर्धा पुडा कपड्यांची पावडर टाकली, काठीने ढवळलं, पंप लावला. तापीत दुधासारखा पांढुरका लोट गेला. घाटावर भांडी घासणाऱ्या एका काकूंनी मला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी फळ्या उचलल्या तर तेल पुन्हा तितकंच. पंपाने पाणी गेलं होतं, कडाकोपऱ्यांना चिकटलेलं तेल तिथेच होतं आणि इंजिन तर अजून गळतच होतं. त्या दिवसापासून मी हे काम उलट्या क्रमाने करतो, तोच क्रम इथे सांगतो.

साबण आधी का नको? तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगतं. ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे, कारण वरचं वर काढून घेता येतं. साबण पडला की तेलाचे बारीक बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतात आणि वेगळे होत नाहीत. मग ते पंपातूनही जातं, कपड्यातूनही जातं. वरून पाणी स्वच्छ दिसतं, पण तेल त्यातच असतं, फक्त दिसेनासं होतं. माशांच्या कल्ल्यांना असलं पाणी तरंगत्या तवंगापेक्षा जास्त बाधतं.

आणि नदी कितीही मोठी असली तरी हिशेब करून बघा. एक लिटर तेल पाण्यावर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचं पसरलं, म्हणजे इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात तेवढं पातळ, तर ते 1000 चौरस मीटर जागा व्यापतं. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. एक लिटर तेल तर चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल असतं त्या भागाच्या, सैल नटातून आठवडाभरात जाऊ शकतं. याच तापीवर वर हतनूर धरण आहे, 41 दरवाज्यांचं, तिथलं पाणी दीपनगरच्या वीजकेंद्राला जातं. खाली प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजमध्ये पाणी अडतं. अडलेल्या पाण्यात तेल वाहून जात नाही, वारा नेईल त्या काठाला जाऊन बसतं.

वेळ आणि हवा

हे काम पहाटे करा. "ऊन लागू नये म्हणून" एवढंच कारण नाही. आपल्या मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश सेल्सिअस असावा लागतो. म्हणजे त्याच्या आसपासच्या तापमानाला डिझेलवर इतकी वाफ जमू शकते की ठिणगी मिळाली तर ती भडकते. डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही असं आपण सगळे म्हणतो, आणि थंड हवेत ते बरोबरही आहे. पण भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि काठावर ओढून ठेवलेल्या लोखंडी बोटीचं पोट तर त्याहून तापतं. तिथे वाकून बिडी ओढणारा माणूस मी पाहिला आहे.

तेव्हा आदल्या संध्याकाळीच सगळ्या फळ्या काढा आणि रात्रभर पोट उघडं ठेवा. बोटीला पेट्रोलचं इंजिन असेल तर हे न चुकता करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, तळाशी पाण्यासारखी साचून राहते. पेट्रोलचा वास येत असेल तर टॉर्चचा स्विचसुद्धा दाबू नका. पुठ्ठ्याने हवा घाला, थांबा, पुन्हा वास घ्या.

वास गेला की बॅटरीची वायर काढा. पंपाला फ्लोट स्विच असेल, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा, तर त्याचीही वायर सोडवा. काही बोटींमध्ये हा स्विच मेन स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर असतो, म्हणून "मेन बंद केला" एवढ्यावर भागत नाही. तुम्ही पोटात उतरून पाणी ढवळलं आणि फ्लोट उचलला गेला, तर तेल थेट नदीत. पंप सोडवल्यावर हँडलजवळ खडूने मोठ्या अक्षरात लिहा: पंप बंद. हे मला कसं सुचलं ते शेवटी सांगतो.

सामान

रबरी हातमोजे, शक्यतो नायट्राइलचे. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जळून तयार झालेली अशी द्रव्यं असतात की वर्षानुवर्षं कातडीला लागली तर कॅन्सरचा धोका असतो. आम्ही मिस्तरी लोक कोपरापर्यंत काळे हात मिरवतो आणि वर डिझेलने धुतो. ते बंद करा, हात साबणाने धुवा.

झाकणाचे दोन-तीन प्लास्टिक कॅन. पत्र्याची सुपली किंवा कापलेला सपाट डबा. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, दीड-दोन मीटर. तळाला तोटी असलेला एखादा जुना पाण्याचा डबा मिळाला तर सोनंच. चिंध्या, स्पंज, जाड तार, वर्तमानपत्रं. आणि कापूस.

कापूस, पण कोणता

शहरात तेल शोषायचे पांढरे पॅड मिळतात. पॉलिप्रॉपिलीनचे असतात, पाणी सोडून फक्त तेल घेतात, चांगले असतात. पण नंदुरबारात ते शोधत फिरण्यापेक्षा आपल्या रानाकडे बघा. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे तो पाण्याला धरत नाही आणि तेलाला सोडत नाही. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट तेल तो पोटात घेतो.

मेडिकलमधला कापूस मात्र अजिबात चालत नाही. मी पहिल्यांदा तोच आणला होता. पांढराशुभ्र दिसतो, वाटतं हाच चांगला. पण जखमेचं पाणी शोषावं म्हणून त्याचं मेण उकळून काढलेलं असतं. तो पाण्याने भरतो आणि तळाशी बसतो. खात्री करायची तर दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात मेडिकलच्या कापसाचा बोळा टाका, दुसऱ्यात बोंडातून काढलेला, सरकी वेगळी केलेला. पहिला बघता बघता भिजून खाली जातो. दुसरा तरंगत राहतो, बोटाने दाबला तरी वर येतो. आता दुसऱ्या पेल्यात चार थेंब ऑइल सोडा. कापूस ते ओढून घेताना डोळ्यांना दिसतो, एका बाजूने तपकिरी होत जातो.

त्यातही फरदडीचा, म्हणजे मुख्य वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला, नीट न पिकलेला, कवडी कापूस या कामाला उत्तम. ज्याला बाजारात कोणी विचारत नाही, व्यापारी हात लावून बाजूला सारतो, तोच. अपक्व धागा बारीक असतो, तेवढ्याच वजनात त्याचा पृष्ठभाग जास्त आणि मेणही जास्त. घरात गोणीभर पडलेला असतोच. सरकी काढून घ्या, हाताने काढली तरी चालेल, बोटीला किलो-दोन किलोच लागतो.

एक पथ्य पाळा: मोकळा कापूस पोटात कधीही टाकू नका. त्याचे धागे सुटतात आणि पंपाच्या पंख्याला गुंडाळले जातात. जुन्या मच्छरदाणीच्या कापडाच्या पोटल्या शिवा, उशीच्या निम्म्या आकाराच्या, त्यात कापूस सैलसर भरा. गच्च भरला तर आतल्या कापसापर्यंत तेल पोचत नाही. पोटलीला हातभर सुतळी बांधा. कांद्याच्या जाळीची गोणी मी वापरून पाहिली, तिची भोकं मोठी पडतात.

तेल किती आहे ते आधी बघा

लेव्हलची नळी सरळ उभी धरून पोटात तळापर्यंत सोडा, वरच्या तोंडावर अंगठा दाबा आणि उचला. नळीत खाली पाणी, वर तेल असा थर स्पष्ट दिसतो. समजा तेल 3 मिलिमीटर आहे आणि ते 1 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद जागेत पसरलंय. म्हणजे 1.8 लिटर. आता इंजिनात तुम्ही गेल्या महिन्यात किती ऑइल वाढवलं ते आठवा. आकडे जुळले तर तेल चेंबरमधून येतंय. इंजिनातलं ऑइल मोजायची काडी भरलेलीच दाखवत असेल आणि खाली तरीही दोन लिटर असेल, तर ते बहुतेक डिझेल आहे, आणि शोध दुसरीकडे घ्यावा लागेल.

वास आणि बोटांची चाचणीही असते. डिझेल पातळ, बोटांना कोरडं वाटतं, वास नाकात चढतो. ऑइल बुळबुळीत आणि काळं. गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास असतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. पाण्यावर कॉफीसारखा फेस दिसला तर कोणीतरी आधीच साबण टाकलाय, किंवा इंजिनाच्या आतच ऑइलमध्ये पाणी शिरलंय. काडी काढून बघा. काडीवरही तोच रंग असेल तर सफाई राहू द्या, आधी हेडचं पॅकिंग बघा.

काढायला सुरुवात

बोट हलवू नका, कोणाला चढू देऊ नका, रात्रभर स्थिर राहिलेलं पाणी तसंच असू द्या. दुधावरची साय काढतो तशी सुपली वरच्या थरात आडवी सरकवा. खोल बुडवली की पाणीच जास्त येतं. सुपलीतलं सगळं एका कॅनमध्ये. बोट जरा एका कुशीला झुकवता आली, चार माणसं एका बाजूला बसवून का होईना, तर तेल एका कोपऱ्यात जमतं आणि काम निम्मं होतं.

सुपलीत फक्त पाणी यायला लागलं की पोटल्या सोडा. दाबायच्या नाहीत, ढवळायच्या नाहीत, पाण्यावर ठेवून द्यायच्या. अर्ध्या तासाने पालथ्या करा. भरलेली पोटली जड लागते आणि खालून तपकिरी-काळी होते. ती कॅनवर धरून पिळा, पुन्हा सोडा. एक पोटली दोन-तीनदा सहज चालते, नंतर तिचा जोर कमी होतो. शेवटी पाण्यावर रंगांची झिलई उरते, ती काढायला नवी कोरडी पोटली घ्या. जुनीने ती निघत नाही, उलट पसरते.

तवंग पूर्ण गेल्याशिवाय खालच्या पाण्याला हात लावायचा नाही. मग ते पाणी नळीने उपसा. नळीचं टोक तळाशी ठेवा, आणि पाणी दोन बोटं राहिलं की थांबा, कारण आता नळी वरचं ओढायला लागेल. उरलेलं स्पंजने, वेगळ्या डब्यात. हे उपसलेलं पाणीही नदीत ओतायचं नाही. मोठ्या जहाजांना समुद्रात सोडायच्या पाण्यात दहा लाखांत 15 भागांपेक्षा जास्त तेल चालत नाही, आणि तेवढं मोजायला त्यांच्याकडे यंत्रं असतात. आपल्याकडे नुसते डोळे. मी हे पाणी तोटीच्या डब्यात एक दिवस ठेवतो, तळाच्या तोटीने खालचं पाणी काढून घेतो आणि तेल वर राहू देतो. काढलेलं पाणी काठापासून लांब, पोरं-गुरं जाणार नाहीत अशा जागी मोठ्या पसरट घमेल्यांत ठेवतो. उन्हाळ्यात खान्देशी ऊन हे पाणी भराभर उडवतं. तळाशी उरलेला चिकट गाळ कॅनमध्ये जातो.

बोटीच्या फासळ्यांना तळाशी पाणी वाहायला भोकं ठेवलेली असतात, ती हमखास गाळाने बुजलेली सापडतात. जाड तारेने मोकळी करा. प्रत्येक भोकामागे एक छोटं डबकं आणि त्यात तेल असतं. वरवर सगळं साफ झाल्यावर चार दिवसांनी "पुन्हा तेल आलं" म्हणतात ते बऱ्याचदा इथलंच.

आता साबण. तोही थोडा, बादलीभर कोमट पाण्यात दोन चमचे. चिंधी बुडवून, पिळून, पुसायचं. ओतायचं नाही. हे साबणाचं पाणी तेलाच्या कॅनमध्ये मिसळू नका, नाहीतर वेगळं केलेलं सगळं पुन्हा एक होईल. कॉस्टिक सोड्याने ग्रीस झटकन निघतं खरं, पण अ‍ॅल्युमिनियम खातं आणि डोळ्यांत उडालं तर डोळा जातो. रॉकेल-पेट्रोलने धुवायचा सल्ला देणारेही भेटतील. वर फ्लॅश पॉइंटचं लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा. लाकडी बोटीतली फळी तेल प्यायलेली असते, ती पूर्ण साफ होणार नाही. महिनाभर थोडं थोडं सोडत राहील, पोटली ठेवा आणि सोडून द्या.

गळती कुठून

हे केलं नाही तर वरची सगळी मेहनत महिनाभराची.

पोट खडखडीत कोरडं झालं की इंजिनाखाली वर्तमानपत्रं अंथरा. इंजिन बाहेरून पुसून कोरडं करा आणि जोडाजोडांवर पावडर भुरभुरा, अंगाला लावायची असली तरी चालते. बॅटरी जोडून पंधरा मिनिटं चालवा, बंद करा आणि टॉर्च घेऊन खाली बघा. पावडरवर ओली रेघ उमटलेली असते आणि कागदावर थेंब. थेंबाच्या बरोबर वर बघू नका, तेल वाहत येऊन मग पडतं. रेघेचं वरचं टोक शोधा.

बहुतेकदा ते टॅपेट कव्हरच्या पॅकिंगला असतं. बोल्ट आवळायचा मोह होतो. जास्त आवळलं की पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि गळती वाढते. नवं पॅकिंग काही रुपयांत मिळतं. चेंबरच्या ड्रेन नटाचा वॉशर बदललेला कोणालाच आठवत नाही, तोही बघा. फ्लायव्हीलच्या बाजूने क्रँकच्या ऑइल सीलमधून येत असेल तर सील बदलण्याआधी ब्रीदर तपासा, म्हणजे चेंबरला श्वास घ्यायला ठेवलेलं भोक. ब्रीदर चोक झाला की चेंबरमधला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि ऑइल सीलमधून रेटतो. तीन सील बदलून झाल्यावर मला हे कळलं, गिऱ्हाईक अजून आठवण काढतं. डिझेल असेल तर नोझलमधून उरलेलं डिझेल परत नेणारा ओव्हरफ्लो पाइप, कंपनाने तो जोडाशी चिरतो. आणि काडीवर ऑइलची पातळी वर चढत असेल तर डिझेल आत जातंय, ते ऑइल पातळ झालंय, इंजिन चालवू नका.

बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो त्या ग्लँडमधून पाणी येतं, ते वेगळं. दांडा फिरताना मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत, त्याने ग्लँड दोरी थंड राहते. पूर्ण बंद होईपर्यंत आवळली तर दोरी जळते आणि दांडा खातो. धार लागली तर मात्र दोरी बदला.

दुरुस्तीनंतर इंजिनाखाली ट्रे बसवा. तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा कापला की झाला, कडा आत वळवून घ्या. त्यात एक पोटली कायम. दुसरी पोटली पोटात सगळ्यात खोल जागी, सुतळीने फासळीला बांधलेली, फ्लोटपासून लांब. महिन्यातून एकदा पिळून बघा.

काढलेल्या तेलाचं काय

कोणी म्हणेल दरवाज्याला फासा, वाळवी लागत नाही. कोणी सेंट्रिंगच्या प्लेटांना मागेल. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, ते परवानाधारक पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवं. आणि नदीत सोडायला तर 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानेच मनाई आहे. दोन-चार लिटरसाठी कोणी गाडी पाठवत नाही, म्हणून ज्या मोठ्या गॅरेजचं जुनं तेल नियमाने उचललं जातं त्यांच्याशी बोलून ठेवा. तेलाच्या पोटल्याही तिथेच, झाकणाच्या डब्यात. चुलीत घालू नका. लाकडाला जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या त्यांच्यात मिसळू नका. जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून ठेवली की आपोआप तापते आणि पेटू शकते.

धडगाव-अक्कलकुव्याकडे, सरदार सरोवराच्या फुगवट्यावर, हा भाग जड जातो. महाराष्ट्रातली 33 गावं त्या पाण्याखाली आली, आणि डोंगरातल्या कितीतरी पाड्यांना बोट हाच रस्ता आहे, बोट अ‍ॅम्ब्युलन्सही तिथेच चालते. तिथून तेलाचा कॅन आणायचा म्हणजे आधी पाण्यातून, मग डोक्यावर चढावर. मी तिकडे जाताना रिकामे कॅन नेतो आणि भरलेले परत आणतो, मजुरीत धरतो, आणि आधीच सांगून ठेवतो. उगाच वाद नको.

आता खडूचं. आषाढात एका बोटीचं काम संध्याकाळी उरकलं, आवराआवर केली, मजुरी घेतली, घरी आलो. रात्री पाऊस लागला. सकाळी फोन आला: बोट काठापर्यंत पाण्यात, इंजिन बुडालेलं. पंपाची वायर मी सोडवली होती आणि जोडायची राहिली होती. इंजिन उघडून, धुऊन, पुन्हा बांधून दिलं, फुकट. तेव्हापासून हँडलजवळ खडूने लिहितो. सगळ्यात शेवटी वायर जोडायची, फ्लोट हाताने उचलून पंप फिरतो का ऐकायचं, आणि मगच ओल्या फडक्याने "पंप बंद" पुसायचं.